तीन जोरदार पत्रं आणि एक घरमालकिणीचं

९ जानेवारी
ही वही दवाखान्यातल्या नर्सने दिली होती, माझी लेक मिला किती दूध प्यायली ते लिहायला. मिला आता भात खाते. वही कोरीच राहिली. म्हणून आजपासून मी लिहिणार, रोज.

बातमी अशी की मिसेस गिलहूली घर विकतेय. आम्ही तिच्या तळघरात राहतो. नवीन मालकाला तळघर रिकामं पाहिजे, एप्रिल संपायच्या आत. तिने हे माझ्या नवऱ्याला, नेल्सनला सांगितलं, मला नाही, कारण मी तेव्हा जिन्याखाली होते. लपले नव्हते. बाबागाडीचं चाक बघत होते.

घाबरण्यासारखं काही नाही. आपल्याकडे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे इथेच ब्राँक्समध्ये ग्रँड कॉनकोर्स रस्त्याच्या मागे ती पिवळ्या विटांची बिल्डिंग आहे, तिच्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकत घ्यायचा. दुसरा म्हणजे लांब ॲलनटाउन गावाला सासूबाईंच्या हॉलमध्ये सोफ्यावर राहायचं. सासूबाई चांगल्या आहेत. दुसरा रस्ता मी विचारात घेतलेला नाही.

१२ जानेवारी
फ्लॅट विकणारी ब्रोकरबाई आली होती. ट्रूडी नाव. ती म्हणाली, हे पैसे देऊन किल्ली घेण्याचं काम नाही. बिल्डिंग तिथे राहणाऱ्या सगळ्यांची मिळून आहे, को-ऑप. त्यांच्यातलेच चारपाच जण बोर्डावर आहेत, ते आधी तुम्हाला तपासणार, मग हो किंवा नाही. नाही म्हणाले तर का ते सांगणारपण नाहीत.

पैशाचं नेल्सनने आणि बँकेने मिळून बघितलंय. माझ्याकडे एकच काम, पत्रं. आपल्याला ओळखणाऱ्या तीन माणसांनी आपल्याबद्दल लिहायचं आणि चौथं पत्र आत्ताच्या घरमालकिणीचं. ट्रूडी म्हणाली, जोरदार आण गं बाई. 'चांगली मुलगी आहे' असलं पाणचट नको. वाचताना बोर्ड उठून बसलं पाहिजे.

म्हटलं, बसवते.

ती गेल्यावर नेल्सन म्हणाला, तू माणसांना विचारणार? तू पिझ्झावाल्याला फोन लावतेस आणि माझ्या हातात देतेस. म्हटलं, ते वेगळं. पिझ्झावाला घाई करतो.

१३ जानेवारी
बेत ठरला. एका आठवड्यात चारही पत्रं. घरमालकिणीचं सगळ्यात सोपं, ती तर डोक्यावरच राहते. म्हणून ते शेवटी.

२० जानेवारी
आठवडा झाला. पत्र एकही नाही. थंडी फार होती. मिलाला दोनदा शिंक आली. अशा हवेत लोकांचा मूडपण नसतो.

आज मिला रडली तेव्हा तिला घेऊन बाथरूममध्ये बसले, नळ सोडून. नेहमीच बसते. वर आवाज जायला नको. मिसेस गिलहूलीकडे काठी आहे. अजून एकदाही आपटली नाही, पण आपटू शकते.

२८ जानेवारी
पहिलं पत्र मिळालं. मला वाटलं होतं त्याहून सोपं.

रविवारी प्रार्थना झाल्यावर पास्टर बोनेटना गाठायचं ठरवलं होतं. त्यांच्याभोवती माणसं होती म्हणून मी कोटांच्या दांडीपाशी थांबले. माणसं गेली. मग पास्टर स्वतःच कोट घ्यायला आले. म्हणाले, सिस्टर इव्हलिस, तुम्ही कोटांच्या मधे काय करताय. मग सांगितलंच. म्हटलं, जोरदार लिहा.

पास्टर म्हणाले, मला दुसरं काही लिहिताच येत नाही. तिथेच बसून लिहिलं.

घरी नेल्सनने मोठ्याने वाचून दाखवलं, कारण इंग्रजी अक्षर फार जोडून काढलं असलं की मला अडतं. पास्टरनी लिहिलंय की आमच्या चर्चमध्ये सिस्टर इव्हलिस गायला लागल्या की खिडक्या थरथरतात. अशा आवाजाला भिंती अडवू शकत नाहीत. आणि त्यांच्या घराचं दार देवाच्या लेकरांसाठी रात्रंदिवस उघडं असतं.

नेल्सन म्हणाला, ही बाई कोण? हिच्याशी लग्न करायला पाहिजे होतं.

गाण्याचं म्हणायचं तर माझ्या शेजारी सिस्टर नोएमी उभी असते. आवाज तिचा. मी तोंड उघडते. पण पुढच्या बाजूने ऐकलं तर कोणाचा कोणता ते कळत नसणार. आणि दाराचं खोटं नाही. कोणी आलं तर मी उघडीन. आधी भोकातून बघीन, मग उघडीन.

६ फेब्रुवारी
दुसरं. सलूनच्या मालकिणीचं, दोन्या आल्ता तिचं नाव. मी तिच्याकडे आठवड्यातून तीन दिवस बायकांची डोकी धुते. तिला विचारायचं म्हणून सकाळपासून टॉवेलांच्या घड्या करत होते. घड्या मोडून परत केल्या. शेवटी तीच म्हणाली, काय गं, नोकरी सोडतेयस का, तोंड असं का केलंयस? सांगितलं. ती म्हणाली, एवढंच होय. मला वाटलं परत दिवस गेले.

खुर्चीत बसलेल्या बायकांनीपण मदत केली. हे लिही, ते लिही. एक म्हणाली, आम्हाला विचारा, हिने डोकं धुतलं की मी झोपते. दुसरी म्हणाली, तू नवरा बोलला तरी झोपतेस. असं करत सगळ्यांनी मिळून लिहिलं. शेवट असा आहे: हिच्या हाताला इतका गुण आहे की उद्या हिने घरी एक खुर्ची टाकली, तर शनिवारी अर्ध्या ब्राँक्सच्या बायका जिन्यावर रांग लावून उभ्या राहतील.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं कोणी कोणाबद्दल लिहीत नाही.

११ फेब्रुवारी
दोन झाली. आता मोठं माणूस पाहिजे. डॉक्टर, वकील असं कोणीतरी. नेल्सनला म्हटलं, उद्या नगरसेवकाच्या ऑफिसात जाते. तो म्हणाला, आत जाशील? म्हटलं, आत जाऊनच मागतात.

१२ फेब्रुवारी
गेले. बाहेरून बघून आले. जागा कळली. हे महत्त्वाचं असतं.

१७ फेब्रुवारी, दुपारी
आत गेले. खरं म्हणजे मिलाने बाबागाडीतून पाय लांब करून दार ढकललं आणि आतली मुलगी म्हणाली, या की.

केयोना नाव तिचं. चांगली आहे, नखं लांब. म्हणाली, नगरसेवक तुम्हाला ओळखतात का? तेवढ्यात माझं लक्ष भिंतीवर गेलं. मागच्या वर्षी जेरोम ॲव्हेन्यूवर भाडेकरूंनी मोर्चा काढला होता, बिल्डिंगांना हीटिंग मिळत नाही म्हणून. त्याचा मोठा फोटो लावलाय. आणि फोटोत सगळ्यात पुढे मी. हातात मिला, बाजूला बाबागाडी, तोंड उघडं.

केयोनाने फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. म्हणाली, अगंबाई, तुम्ही त्या होय.

त्या दिवशी मी डायपर आणायला निघाले होते. मोर्चा मागून आला आणि मधे अडकले. तोंड उघडं होतं कारण मी 'मला जाऊ द्या' म्हणत होते. पण तिने विचारलं नाही, मग मी कशाला सांगू. होते ना तिथे? पुढेच होते.

२४ फेब्रुवारी
नगरसेवकाचं पत्र पोस्टाने आलं. जाड कागद, वर निळा शिक्का. नेल्सनने दोनदा वाचलं. इव्हलिस या आमच्या भागातल्या निर्भय आवाज आहेत. घरमालक कितीही बलाढ्य असो, त्या गप्प बसत नाहीत. जिथे राहतील तिथल्या शेजाऱ्यांना एकत्र आणून व्यवस्थेला जाब विचारतील, याची मला खात्री आहे.

नेल्सनने पत्र घडी करून पाकिटात ठेवलं. मग म्हणाला, निर्भय, जरा त्या कोळ्याला मारतेस का, सिंकमध्ये बसलाय.

कोळ्याचं आणि ह्याचं काय आहे. कोळी अंगावर येतो.

२६ फेब्रुवारी
तीन पत्रं, एकापेक्षा एक जोरदार. ट्रूडीच्या ऑफिसात द्यायची होती. तिच्या ऑफिसला ते गोल फिरणारं काचेचं दार आहे. बाबागाडीचं माप बसेल की नाही सांगता येत नाही. शिवाय आतला माणूस 'कोणाकडे?' असं विचारतो.

म्हणून डोकं चालवलं. पिवळी बिल्डिंग घराच्या वाटेवरच आहे. बोर्डाचे अध्यक्ष मिस्टर बँटन तळमजल्यावर राहतात, दारावर नाव आहे. तिन्ही पाकिटं त्यांच्या दाराखालून सरकवली आणि निघाले. मधला माणूसच काढून टाकला. ट्रूडी खूश होईल, तिचा वेळ वाचला.

२७ फेब्रुवारी
ट्रूडीचा फोन. नेल्सनने घेतला. म्हणाली, बोर्डाच्या हातात काहीही जायच्या आधी मी बघते, ही रीत आहे. मग म्हणाली, बरं, काय लिहिलंय ते तरी पाठवा. नेल्सनने पत्रांचे फोटो काढून ठेवले होते, ते पाठवले.

अर्ध्या तासाने तिचा परत फोन. मी शेजारी कान लावून बसले होते. म्हणाली, इव्हलिस, बोर्ड उठून बसेल, हे खरं.

सांगितलं होतं ना.

मग म्हणाली, तुझ्या ओळखीत कोणी कंटाळवाणं माणूस नाही का गं? म्हटलं, नाही, सगळे असेच आहेत. ती म्हणाली, घरमालकिणीचं पत्र आण. लवकर. आणि तिला जोरदार लिही म्हणून सांगू नकोस.

मला वाटतं तिला दडपण आलं. एवढी भारी पत्रं तिला कोणी आणून दिली नसतील.

५ मार्च
आज मिसेस गिलहूलीला विचारणार.

६ मार्च
काल ती बाहेर गेली होती. म्हणजे गेली असणार, आवाज नव्हता.

९ मार्च
आज आवाज होता. पण तो कामाचा आवाज होता, मधे जाणं बरं दिसत नाही.

१४ मार्च
नेल्सन चिडला. तो चिडत नाही, ब्रेडची गाडी चालवतो, पहाटे दोनला उठतो, त्याला चिडायला ताकद नसते. पण आज म्हणाला, आईला फोन करून सोफा मोकळा करायला सांगू का? सासूबाईंचा सोफा प्लास्टिकच्या कव्हरात आहे. मिला त्याच्यावरून घसरेल. मी घसरीन.

म्हणाला, मी जाऊन मागतो. म्हटलं, नको, माझं काम आहे. त्याला वाटायला नको की मी घाबरते.

१५ मार्च, सकाळी दहा
गेले.

१५ मार्च, सव्वादहा
आले. नीट लिहून ठेवते.

दार तिने लगेच उघडलं. काठी नव्हती हातात. केस विंचरलेले नव्हते, डोळे लाल. मागे सगळीकडे खोकी. मी पत्राचं बोलले. तिने ऐकून घेतलं, पण बघत होती माझ्या कडेवर. म्हणाली, हे कोणाचं बाळ?

म्हटलं, माझं. मिलाग्रोस.

ती म्हणाली, तुला बाळ आहे? कधीपासून?

म्हटलं, पुढच्या महिन्यात दोन वर्षांची होईल.

ती दाराला धरून उभी राहिली. म्हणाली, माझ्या घरात? मला वाटलं आता ओरडते. पण म्हणाली, मी वर दिवसभर रेडिओ लावून बसायचे, घरात कोणी नाही वाटायचं म्हणून. आणि तू खाली बाळ घेऊन होतीस. एकदा तरी वर यायचंस की गं, चहाला.

मी म्हटलं, काठीमुळे. ती म्हणाली, कोणती काठी? मी दाखवली, दाराच्या मागे होती. ती म्हणाली, ती पडद्याची आहे.

बिस्किट दिलं मिलाला. दोन ओळी लिहिल्या, घडी घालून दिल्या. तिच्या हॉलमध्ये जागा किती आहे. मिलाने पळायलाच सुरुवात केली, मी धरलं, तर ती म्हणाली, पळू दे. तीन खोक्यांना वळसा घालून पळाली.

एकूण माझ्या बोलण्याचा तिच्यावर परिणाम झाला.

१५ मार्च, संध्याकाळी
पत्र वाचून अंगाची आग झाली. लिहिलंय: 'ही मुलगी तीन वर्षं माझ्या पायाखाली राहिली. मी तिला कधी ऐकलं नाही. तिला मूल आहे हे मला आज कळलं. याहून जास्त मला तिच्याबद्दल काही माहीत नाही. एम. गिलहूली.'

हे काय पत्र आहे? मी तीन वर्षं तिचं बर्फ झाडलंय पायऱ्यांवरचं. ती उठायच्या आत झाडायचे, ते सोड. नेल्सन म्हणाला, पाठवून टाकू. म्हटलं, हे पाणचट आहे, ट्रूडी फेकून देईल. त्याने मला न विचारता पाठवलं.

ट्रूडीचं उत्तर लगेच आलं. 'देवाची कृपा.' तिला कुठल्या तरी दुसऱ्या कामाचं पाठवायचं असणार.

२९ मार्च
बोर्डाने बोलावलंय. मंगळवारी संध्याकाळी, त्यांच्या लाँड्रीच्या खोलीत. ट्रूडी म्हणाली, विचारतील तेवढंच उत्तर द्यायचं. आपणहून गोष्ट सांगायची नाही, घराचं कौतुक करायचं नाही, काय बदलणार ते तर बोलायचंच नाही. गप्प बसलीस तर जिंकलीस. म्हटलं, मी आता गप्प बसणाऱ्यातली राहिले नाही. ती म्हणाली, इव्हलिस, कृपा कर.

भाषण तयार केलंय. बाथरूममध्ये नळ सोडून म्हणून बघितलं. छान होतंय.

२ एप्रिल
भाषण झालं नाही. त्याचं कारण लिहिते.

कपड्यांच्या घड्या करायच्या टेबलामागे ते चौघे. मिस्टर बँटन म्हणजे उंच माणूस, जमैकाचा, आयुष्यभर मेट्रो चालवलेली, आवाज बोगद्यातून आल्यासारखा. बाजूला मिसेस ताउबर, छोट्या आहेत, स्वेटर विणत होत्या. आणखी दोन पुरुष, ते बोललेच नाहीत. मागे कोणाचे तरी कपडे वाळवत ड्रायर फिरत होता, त्यात एक बटण खडखडत होतं. नेल्सन माझ्याशेजारी. पहाटे दोनपासून जागा, पाच मिनिटांत बसल्या बसल्या झोपला. मिला सिस्टर नोएमीकडे होती.

मिस्टर बँटननी पत्रं पुढ्यात मांडली. म्हणाले, बाई, मी चौथ्या मजल्यावरच्या माणसाशी त्याच्या ट्रम्पेटवरून सहा वर्षं भांडलोय. आता मला सांगा, तुम्ही गाता किती वाजता?

मला थोडी थंडी वाजत होती, त्याने आवाज कापत होता. म्हटलं, मी गात नाही. ते म्हणाले, खिडक्या थरथरतात असं लिहिलंय. म्हटलं, त्या नोएमीमुळे. मी नुसतं तोंड उघडते.

मिसेस ताउबरनी सुई थांबवली. म्हणाल्या, आणि शनिवारी बायका? जिन्यावर? घरात धंदा चालत नाही हं आमच्याकडे. म्हटलं, माझ्या घरी कोणी येत नाही. एकदा विजेचं मीटर बघायला माणूस आला होता.

बँटन म्हणाले, आणि रात्रंदिवस उघडं दार? म्हटलं, दोन कड्या लावते. नेल्सनने तिसरी बसवली, कारण मी म्हटलं होतं.

मग त्यांनी नगरसेवकाचं पत्र उचललं, लांब धरलं. म्हणाले, या बिल्डिंगचे मालक आम्हीच आहोत. तुम्ही जाब कोणाला विचारणार? मोर्चा आमच्यावरच येणार का?

इथे मी भाषण काढणार होते. निर्भयचं ते पानच उघडणार होते डोक्यात. पण ड्रायर थांबला आणि एकदम शांत झालं, आणि मला काहीच आठवेना. म्हटलं, मी डायपर आणायला गेले होते. मधे अडकले. खरं सांगते, मी त्या दिवशी पण घाबरले होते आणि आता पण. आम्हाला जायला जागा नाही. माझ्या बाळाला पळायला जागा पाहिजे, ती पळायला लागली की मी सारखी 'श्श, गप्प' करते, ती आता कोपऱ्यात बाहुलीलापण 'श्श' करते. तेवढंच पाहिजे. बाकी मी काहीच करत नाही. तिला झोपवते आणि स्वयंपाकघरात बसते.

न बोलणारे दोघे एकमेकांकडे बघत होते. मिसेस ताउबर म्हणाल्या, स्वयंपाकघरात बसून काय करता? म्हटलं, बसते.

बँटननी घरमालकिणीचा कागद हातात घेतला, परत वाचला, चष्मा काढला, पुसला, आणखी एकदा वाचला. म्हणाले, कळवू.

नेल्सनला उठवलं. लिफ्टपाशी त्याने विचारलं, कसं झालं? म्हटलं, मी सगळं बोलून टाकलं. तो म्हणाला, भाषण? म्हटलं, तसंच काहीतरी.

एकूण छाप पडली असावी. पण सोफ्याच्या प्लास्टिकवर चादर घालता येते का, ते सासूबाईंना सहज विचारून ठेवलंय.

६ एप्रिल
मिळाला.

ट्रूडीने स्वतः येऊन सांगितलं. मी विचारलं, कोणतं पत्र चाललं, नगरसेवकाचं ना? ती म्हणाली, बाई, त्या तीन पत्रांनी तुझा निकाल लावला होता. बँटनने तर नाहीचं पत्र लिहून ठेवलं होतं. मग तो गिलहूलीचा कागद आला. त्याने तो बोर्डाला तीनदा वाचून दाखवला. डोक्यावर राहणाऱ्या बाईला दोन वर्षं बाळाचा पत्ता नाही. मिसेस ताउबर म्हणे म्हणाल्या, अशी माणसं आता मिळतात कुठे, हो म्हणून टाका, ही दुसऱ्या बिल्डिंगला जायच्या आत.

आणि मीटिंग? मी कशी बोलले? ट्रूडी म्हणाली, बँटन म्हणाला, अर्धं ऐकूच आलं नाही. ते त्याला फार आवडलं.

मिसेस गिलहूलीला सांगायला वर गेले. पायरीवर थांबले नाही, सरळ गेले. म्हणजे एकदा थांबले. चहा प्याले. मिला पळाली.

२८ एप्रिल
राहायला आलो. तिसरा मजला. मिला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळते, मग परत. खाली कोण राहतं माहीत नाही म्हणून मी तिला मोजे घातलेत, दोन जोड्या.

आता ठरवलंय, नवी जागा, नवी सुरुवात. इथे सगळ्यांची ओळख करून घेणार. पहिल्याच आठवड्यात. तोंड उघडून.

३० एप्रिल
लिफ्टमध्ये एक बाई भेटल्या, हातात भाज्यांच्या पिशव्या. मिलाकडे बघून हसल्या. मी बोलणारच होते. तेवढ्यात त्या खाली वाकून हळूच म्हणाल्या, तिसऱ्या मजल्यावर कोणी नवीन आलंय ऐकलं का? भयंकर बाई आहे म्हणतात. गाते, मोर्चे काढते, नगरसेवक खिशात. बँटन पण घाबरला म्हणे तिला. तुम्ही बघितलंत का?

म्हटलं, मीपण ऐकलंय तसं.

त्या म्हणाल्या, जपून राहा, बाळ लहान आहे.

म्हटलं, हो. आणि दुसऱ्याच मजल्यावर उतरले. उरलेला एक मजला बाबागाडी उचलून चढले, आवाज न करता.